गेट बंद ठेवून बघितलेलं पाणी: कणांच्या सिम्युलेशनचं एक प्रकरण

एका ज्युनियरने मला तिच्या प्रोजेक्टचा, म्हणजे कणांनी बनवलेल्या पाण्याच्या कॉम्प्युटर सिम्युलेशनचा, व्हिडिओ पाठवला. निळ्या ठिपक्यांचा चौकोन, मधलं गेट उघडतं, पाणी उजवीकडे धावतं, भिंतीवर आपटतं, वर उसळतं आणि परत फिरतं. बघायला एकदम छान. खाली मेसेज होता, "दादा, दिसतंय तर बरोबर, पण गाईड म्हणतात भिंतीवर प्रेशर किती येतं ते दाखव, आणि माझा आकडा दर रनला वेगळा येतोय. के वाढवला की सगळं फुटतं, कमी केला की पाणी खाली बसतं. काय करू?"

के म्हणजे कोडमधल्या प्रेशरच्या सूत्रातला गुणक, त्याच्याकडे पुढे येतोच. हे "वाढवलं की फुटतं, कमी केलं की बसतं" मी इतक्या जणांकडून ऐकलंय की यावेळी ठरवलं, हे प्रकरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत नीट लिहून काढायचं, आकड्यांसकट. कारण तिच्या कोडमधे जे चुकलं होतं ते बहुतेकांच्या पहिल्या कोडमधे चुकलेलं असतं, आणि ते व्हिडिओत दिसत नाही, हाच मोठा प्रॉब्लेम आहे.

आधी सेटअप. द्विमितीय टाकी, २ मीटर लांब. डाव्या कोपऱ्यात ६० सेंमी रुंद आणि ६० सेंमी उंच पाण्याचा चौकोन, गेटमागे अडवलेला. कणांमधलं अंतर १ सेंमी, म्हणजे ६० गुणिले ६०, एकूण ३६०० कण. प्रत्येक कण आपल्याभोवती ३ सेंमीपर्यंतचे शेजारी बघतो, या ३ सेंमीला आपण एच म्हणू. टाइमस्टेप, म्हणजे एका वेळी हिशोब जेवढा पुढे सरकतो तो वेळ, ०.००१ सेकंद. भाषा पायथन, लूप फास्ट व्हायला नंबा लावलेलं.

पद्धत एसपीएच, म्हणजे स्मूद्ड पार्टिकल हायड्रोडायनॅमिक्स. १९७७ मधे गिंगोल्ड आणि मोनॅहन यांनी, आणि त्यांच्यापासून वेगळं लुसी यांनी, ही ताऱ्यांच्या अभ्यासासाठी काढली, पाण्यासाठी नाही. कल्पना सोपी आहे: जाळी नाही, नुसते कण. प्रत्येक कण शेजाऱ्यांचं वस्तुमान अंतराप्रमाणे कमीजास्त वजन देऊन बेरीज करतो, ती झाली डेन्सिटी. हे वजन देणाऱ्या फंक्शनला कर्नल म्हणतात. डेन्सिटी १००० पेक्षा (खऱ्या पाण्याची डेन्सिटी, किलो प्रति घनमीटर) जितकी जास्त तितकं प्रेशर, म्हणजे प्रेशर बरोबर के गुणिले (डेन्सिटी वजा १०००). प्रेशरमधल्या फरकाने कण एकमेकांना ढकलतात, त्यात गुरुत्वाकर्षण आणि थोडी व्हिस्कॉसिटी (द्रवाचा घट्टपणा) मिळवायची, वेग काढायचा, कण हलवायचे, परत पहिल्यापासून. बस.

म्हणजे सगळा डोलारा डेन्सिटीच्या एका बेरजेवर उभा आहे, ती बेरीज चुकली की पुढचं सगळं चुकीच्या पायावर चालतं, आणि तरीही पाण्यासारखं दिसतं. मी तिला पहिलं काय सांगितलं असेल तर हे, की गेट उघडूच नको. गेट बंद ठेव, पाणी उभं राहू दे, पाच सेकंद रन कर आणि मला चार आकडे पाठव: सगळ्या कणांच्या वस्तुमानाची बेरीज, मधल्या कणाची डेन्सिटी, सगळ्यात वरच्या रांगेची डेन्सिटी, आणि तळाचं प्रेशर.

तिला आधी ते पटलं नाही. "पण दादा उभ्या पाण्यात काय बघायचं, मला तर लाट हवीये ना." बरोबर आहे, पण लाटेचं खरं उत्तर आपल्याला आधीपासून माहीत नसतं, उभ्या पाण्याचं असतं. ६० सेंमी पाण्याखाली प्रेशर किती? १००० गुणिले ९.८१ गुणिले ०.६, म्हणजे ५८८६ पास्कल. यात वादाला जागाच नाही. प्रोग्रॅमला हा आकडा देता येत नसेल तर आपटणाऱ्या लाटेच्या आकड्यावर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा?

चार आकडे आले

पहिल्याच आकड्यावर मी थांबलो. वस्तुमानाची बेरीज होती ८.७६ किलो. आता ६० बाय ६० सेंमीचं पाणी, एक मीटर जाडीचं धरलं तर ०.३६ घनमीटर, म्हणजे ३६० किलो. तिच्या टाकीत त्याचा चाळिसावा हिस्सासुद्धा नव्हता. एका कणाचं वस्तुमान असायला पाहिजे १००० गुणिले ०.०१ गुणिले ०.०१, म्हणजे ०.१ किलो. तिच्या कोडमधे होतं ०.००२४३२.

हा आकडा कुठून आणला विचारलं तर म्हणाली, "ते ट्यून केलं. ०.१ टाकलं तर डेन्सिटी ४१ हजार यायची, मग कमी करत करत १००० आणली." आणि इथेच गाठ सापडली. कारण मी तिच्या कर्नलची ओळ उघडली तर समोर ३१५ भागिले ६४ पाय (π) एच चा नववा घात.

ज्यांनी हे काम केलंय त्यांना हा आकडा पाठ असतो. २००३ मधे म्युलर, चॅरिपार आणि ग्रॉस यांनी इंटरॅक्टिव्ह ग्राफिक्ससाठी एसपीएच वापरायचा जो पेपर लिहिला त्यातल्या पॉली-सिक्स नावाच्या कर्नलचा हा स्थिरांक आहे, आणि तो त्रिमितीय आहे. पेपर त्रिमितीयच आहे, त्यात काही चूक नाही. पण आपण द्विमितीय कोड लिहिताना तीच ओळ उचलून टाकतो. कर्नलची अट एकच, की त्याची सगळ्या जागेवरची बेरीज १ आली पाहिजे, आणि जागा गोलाऐवजी वर्तुळ झाली की स्थिरांक बदलणारच. द्विमितीय पॉली-सिक्सचा स्थिरांक ४ भागिले पाय एच चा आठवा घात. दोन ओळींचं इंटिग्रल आहे, कुणीही कागदावर करून बघावं.

दोन्हींचं गुणोत्तर काढलं तर ३१५ भागिले २५६ एच येतं. एच ०.०३ मीटर, म्हणजे ४१. तिचे ४१ हजार बरोब्बर इथून आले! आणि नीट बघा, त्या गुणोत्तरात एच आहे, म्हणजे तिने प्रत्येक वेळी एच बदलला की डेन्सिटी बिघडायची आणि परत वस्तुमान जुळवत बसावं लागायचं. तिला वाटायचं हे ट्यूनिंग आहे, एसपीएच असंच असतं. नसतं हो. वस्तुमान ट्यून करायची गोष्टच नाहीये, ते कणांमधल्या अंतरावरून ठरतं आणि मग त्याला हात लावायचा नाही.

तिने एक चांगला प्रश्न विचारला. वस्तुमानाने भरपाई झाली ना, डेन्सिटी १००० आली ना, मग बिघडलं कुठे? बिघडलं ते असं: प्रेशरचा धक्का काढायला ती दुसरं कर्नल वापरत होती, स्पायकी नावाचं, तेही त्याच पेपरातलं. ते का, तर पॉली-सिक्सचा उतार मधोमध शून्य होतो, त्यामुळे दोन कण अगदी जवळ आले की ढकलणंच बंद होतं आणि ते एकमेकांना चिकटून बसतात. स्पायकी मधे टोकदार असतं म्हणून तसं होत नाही. तर या स्पायकीच्या उताराचा त्रिमितीय स्थिरांक ४५ भागिले पाय एच चा सहावा घात, आणि द्विमितीय ३० भागिले पाय एच चा पाचवा घात. गुणोत्तर १.५ भागिले एच, म्हणजे ५०. डेन्सिटीत ४१ पट चूक, धक्क्यात ५० पट चूक. ४१ ने भागून डेन्सिटी सरळ झाली, पण धक्का ५० भागिले ४१, साधारण १.२२ पट जास्तच राहिला. म्हणजे २२ टक्के.

आणि गंमत म्हणजे हे व्हिडिओत कधीच दिसलं नसतं. पाण्यात प्रेशरचं काम एकच, कण एकमेकांत घुसू नयेत इतकं ढकलणं. धक्का २२ टक्के जोरात असेल तर तेच काम कमी प्रेशरमधे होतं, पाणी जवळपास तसंच वाहतं, फक्त प्रेशरचा आकडा खोटा असतो. आणि तिला तर नेमका तोच आकडा हवा होता.

एक आणखी ताळा आम्ही घेतला, तळाने पाण्याला वर ढकलायचं एकूण बल. उभ्या पाण्यात ते पाण्याच्या वजनाइतकं पाहिजे, ३६० किलोला ३५३२ न्यूटन. तिच्या जुन्या वस्तुमानाने ते ८६ न्यूटन निघतं. हा एक आकडा पहिल्या दिवशी छापला असता तर पुढचे कितीतरी आठवडे वाचले असते.

वरची रांग आणि खालची रांग

तिसरा आकडा वरच्या रांगेची डेन्सिटी, तो आला ६९५ च्या आसपास. इथे कोडची चूक नाही, पद्धतीचाच स्वभाव आहे. वरच्या कणाला वरच्या बाजूला शेजारीच नाहीत, अर्धं वर्तुळ रिकामं, म्हणून बेरीज कमी भरते. चौकटीच्या मांडणीत आतल्या कणाला ३ सेंमीच्या आत २४ शेजारी मिळतात, हातानेही मोजता येतात, आणि द्विमितीय स्थिरांकाने त्याची डेन्सिटी १००२ येते. वरच्या रांगेतल्या कणाला त्यातले १४ च मिळतात आणि डेन्सिटी ६९५ वर अडकते.

आता हे सूत्रात टाका. तिचा के होता २०. २० गुणिले (६९५ वजा १०००) म्हणजे उणे ६१०० पास्कल. तळाचं खरं प्रेशर ५८८६! म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागावर तळापेक्षा जास्त ताकदीची ओढ, उलट्या दिशेने. पृष्ठभागावरचे कण एकमेकांना खेचत होते, व्हिडिओत जे थेंबांचे गोळे आणि दोऱ्यासारख्या रांगा दिसत होत्या त्या पृष्ठताणाच्या नव्हत्या, ह्या उणे प्रेशरच्या होत्या. तिने रिपोर्टच्या ड्राफ्टमधे त्याला सरफेस टेन्शन लिहिलं होतं, ते आम्ही काढलं.

उपाय सोपा: प्रेशर शून्याच्या खाली गेलं की शून्य धरायचं. हा सगळ्यात सुंदर उपाय नाही पण मोकळ्या पृष्ठभागाच्या पाण्याला पुरतो, आणि मला वाटतं पहिल्या कोडमधे याच्या पुढे जाऊ नये.

खाली तेच, पण जास्त त्रासदायक. तळाच्या कणाला खाली शेजारी नाहीत कारण तिच्या कोडमधे भिंत म्हणजे नुसती अट होती, वाय शून्याच्या खाली गेला की वेग उलटा कर. म्हणजे तळाच्या कणालाही वाटतं आपण विरळ आहोत, त्याचं प्रेशर कमी निघतं, वरचे कण त्याला दाबत राहतात, आणि शेवटी तळाशी दोनतीन रांगा एकमेकांत दाटून बसतात. झूम केल्यावर ती दाट रेघ स्पष्ट दिसली, तळाला निळी पट्टी मारल्यासारखी.

इथे आम्ही भिंतीतच कण भरले. न हलणारे, त्याच १ सेंमी अंतरावर, तीन रांगा. ते डेन्सिटीच्या बेरजेत मोजले जातात आणि पाण्याच्या कणाला ढकलतातही. तीनच का, तर एच कणांच्या अंतराच्या तिप्पट आहे, कण भिंतीला अगदी टेकला तरी त्याचं खालचं अर्धवर्तुळ भरलेलं राहावं म्हणून. एकाच रांगेत भागवायची पद्धत पण आहे, अकिंजी आणि सहकाऱ्यांची २०१२ ची, तिथे भिंतीच्या प्रत्येक कणाला दाटीप्रमाणे वेगळं वस्तुमान मिळतं आणि वाकड्यातिकड्या वस्तूंसाठी ती फारच सोयीची. सरळ टाकीसाठी तीन रांगा बऱ्या.

आता ते फुटणं आणि बसणं

के म्हणजे नुसता हवा तसा फिरवायचा नॉब नाही. एकक तपासा: प्रेशर भागिले डेन्सिटी, म्हणजे वेगाचा वर्ग. के हा तुमच्या पाण्यातल्या आवाजाच्या वेगाचा वर्ग आहे. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं आपोआप सुटतं.

तिचा के २०, म्हणजे आवाजाचा वेग साधारण ४.५ मीटर प्रति सेकंद. खऱ्या पाण्यात तो १४८० च्या आसपास असतो. इतक्या मऊ पाण्याचा ६० सेंमीचा खांब स्वतःच्या वजनाने किती दबेल? हातानेच काढता येतं, ५२.६ सेंमी येतं. तिच्या रनमधे ५३ वर बसला होता, धक्का थोडा जास्त होता म्हणून किंचित वर. म्हणजे पाणी "बसतंय" यात गूढ काहीच नव्हतं, तिने पाणी म्हणून स्पंज बनवला होता.

मग के किती हवा? नियम असा की आवाजाचा वेग पाण्याच्या सगळ्यात जास्त वेगाच्या साधारण दहापट ठेवा, म्हणजे डेन्सिटीतला फरक एक टक्क्याच्या आसपास राहतो. सगळ्यात जास्त वेग किती असेल हे आधीच माहीत आहे, धरण फुटण्याचं उथळ पाण्याचं गणित रिटर यांनी १८९२ मधे सोडवलंय: कोरड्या, घर्षण नसलेल्या तळावर लाटेचं टोक २ गुणिले वर्गमूळ (जी गुणिले उंची) या वेगाने धावतं, जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं ९.८१. उंची ०.६ मीटर, म्हणजे ४.८५. त्याची दहापट साधारण ५०. के बरोबर २५००. अशा पाण्यात तळाशी डेन्सिटी फक्त ०.२४ टक्के वाढते आणि पूर्ण खांब एक मिलिमीटरही खाली बसत नाही.

पण २५०० टाकलं की फुटायचं. अर्थातच! टाइमस्टेप ०.००१ सेकंद आणि आवाजाचा वेग ५०, म्हणजे एका स्टेपमधे दाबाची लहर ५ सेंमी जाणार, पाच कण ओलांडून. शेजाऱ्याने प्रतिक्रिया द्यायच्या आत धक्का त्याच्या पार निघून गेलेला असतो. नियम म्हणजे एका स्टेपमधे लहर कणांच्या अंतराच्या ०.४ पटीपेक्षा जास्त जाऊ नये: ०.४ गुणिले ०.०१ भागिले ५०, म्हणजे ०.००००८ सेकंद. तिच्या २० वाल्या के ला हाच हिशोब लावला तर ०.०००९ येतं, म्हणजे तिचा ०.००१ तिथे कसाबसा काठावर चालत होता. के आणि टाइमस्टेप एकाच दोरीची दोन टोकं आहेत, एक हलवून दुसरं तिथेच ठेवता येत नाही.

हे ऐकून ती गप्प झाली आणि मग म्हणाली, "दादा, मग दोन सेकंदांना २५ हजार स्टेप. माझं दोन हजारलाच एवढा वेळ लागतो." आणि तेव्हा खरं मूळ सापडलं. तिचं शेजारी शोधणं प्रत्येक कण गुणिले प्रत्येक कण असं होतं. ३६०० गुणिले ३६००, एका स्टेपला १ कोटी २९ लाख ६० हजार अंतरं. म्हणून रन स्लो, रन स्लो म्हणून टाइमस्टेप मोठा, टाइमस्टेप मोठा म्हणून के लहान, आणि के लहान म्हणून पाणी बसलेलं. पाणी का बसतं याचं उत्तर शेजारी शोधायच्या लूपमधे होतं!

ग्रिड लावली. टाकीचे ३ सेंमीचे चौकोन पाडायचे, प्रत्येक कण कुठल्या चौकोनात ते नोंदवायचं, आणि शेजारी फक्त आपल्या आणि भोवतालच्या मिळून ९ चौकोनांत शोधायचे. एका चौकोनात ९ कण, म्हणजे कणामागे ८१ तपासण्या, एकूण २ लाख ९१ हजार ६००. चव्वेचाळीस पट कमी. बारापट स्टेप वाढूनही रन आधीपेक्षा लवकर संपायला लागला. हा बदल एका संध्याकाळचा आहे आणि माझ्या मते पहिल्या दिवशीच करावा, "आधी चालू दे मग फास्ट करू" म्हणून ठेवला की मधल्या काळात स्लोपणा बाकीचे निर्णय तुमच्याकडून चुकीचे करून घेतो.

थरथर

आता स्थिरांक बरोबर, वस्तुमान ०.१, भिंतीत कण, के २५००, टाइमस्टेप लहान. गेट बंदच. तळाच्या प्रेशरचा प्लॉट आला आणि तिने लगेच पाठवला, काळजीने, कारण आकडा शून्यापासून जवळपास १२ हजारांपर्यंत वरखाली नाचत होता.

मी तिला दोन लाटांच्या शिखरांमधलं अंतर मोजायला सांगितलं. ०.०४८ सेकंद. बघा आता: पाण्याचा खांब म्हणजे एका टोकाला बंद आणि दुसऱ्या टोकाला उघडी नळी. अशा नळीत आवाजाचा मूळ सूर चारपट लांबी भागिले वेग इतक्या वेळाचा असतो. ४ गुणिले ०.६ भागिले ५० बरोबर ०.०४८. तो आवाज होता! सुरुवातीला सगळे कण प्रेशर शून्य असलेल्या मांडणीत ठेवलेले, आणि पहिल्या स्टेपला अचानक गुरुत्वाकर्षण लागू. स्प्रिंगवर वजन एकदम सोडलं की ती दुप्पट ताणली जाऊन परत येते, तसंच हे. सरासरी कुठे आहे ते बघायचं, आणि लहर विरेपर्यंत थांबायचं, किंवा सुरुवातीलाच खोलीप्रमाणे कण किंचित दाबून ठेवायचे.

यावरून मागचं एक कोडं सुटलं. तिच्या जुन्या के २० वाल्या पाण्यात हाच सूर अर्ध्या सेकंदाचा होता, म्हणजे गेटमागचं पाणी दर अर्ध्या सेकंदाला श्वास घेतल्यासारखं वरखाली होत होतं, आणि ती गेट कधी ३०० व्या स्टेपला कधी ५०० व्या स्टेपला उघडायची, तिला तो आकडा महत्त्वाचाच वाटला नव्हता. पाणी श्वास आत घेताना सुटलं की बाहेर सोडताना, त्याप्रमाणे भिंतीवरचा आकडा बदलत होता. "दर रनला वेगळा येतोय" याचं हे एक कारण, दुसरं म्हणजे ती वस्तुमानाची जुळवाजुळव.

थरथर मारायला बरेच जण व्हिस्कॉसिटी वाढवतात, तिनेही आधी तेच केलं होतं. थोडी लागतेच, पण लक्षात असू दे की कृत्रिम व्हिस्कॉसिटीचा नेहमीचा ०.१ वाला आकडा या रिझोल्यूशनला खऱ्या पाण्याच्या हजारो पट घट्ट द्रव देतो. उभं पाणी शांत करायला वापरा, गेट उघडायच्या आधी कमी करा.

लहर विरल्यावर तळाचं प्रेशर स्थिरावलं ६१०० च्या आसपास. तुलनेसाठी आम्ही मुद्दाम जुने त्रिमितीय स्थिरांक आणि जुनं वस्तुमान परत टाकून हाच रन केला, तर ५००० च्या थोडं वर. खरं उत्तर ५८८६. म्हणजे आधी १५ टक्के कमी, आता ४ टक्के जास्त.

तिला ४ टक्के चालणार होते. मला ते कुठून येतात ते बघितल्याशिवाय राहवलं नाही, म्हणून कागद घेतला. चौकटीच्या मांडणीत २४ शेजाऱ्यांवर स्पायकीचा उतार बेरीज करून बघितला तर १ यायच्या ऐवजी ०.९६३ येतो. एवढ्या कमी शेजाऱ्यांत टोकदार कर्नलची बेरीज पूर्ण भरत नाही. धक्का ३.७ टक्के कमी, म्हणून तेच पाणी तोलायला प्रेशर तितकं जास्त, ५८८६ भागिले ०.९६३ म्हणजे ६११२. आणि जुन्या कोडमधे १.२२ गुणिले ०.९६३, म्हणून १५ टक्के, पूर्ण २२ नाही. दोन्ही आकडे जागेवर बसले तेव्हा जो आनंद झाला तो मला लाटेच्या कुठल्याही व्हिडिओने दिलेला नाही. कण जरा विस्कटले की हा ०.९६३ थोडा हलतो, पण चूक कुठून येते हे कळलं होतं.

पुढे तिने डेन्सिटी आणि धक्का दोन्हींसाठी एकच कर्नल घेतलं, वेंडलँड यांच्या १९९५ च्या फंक्शनमधलं, एच थोडा वाढवून. एकच कर्नल दोन्हीकडे असलं की ऊर्जेचा हिशोबही जुळतो, आणि शेजारी वाढवले तरी कण जोडीजोडीने चिकटत नाहीत. मी हेच सुचवेन, पण वर सांगितलेलं सगळं झाल्यावर. कर्नल बदलून स्थिरांकाची चूक सुटत नाही.

गेट उघडलं

आता उघडलं. दोन ताळे ठेवले होते. एक, लाटेचं टोक कधीच ४.८५ पेक्षा जोरात जाता कामा नये, आणि समोरची भिंत १.४ मीटरवर, म्हणजे ०.२९ सेकंदाच्या आत पोचलं तर नक्की काहीतरी चुकलंय. पोचलं त्याच्या बऱ्याच नंतर, कारण सुरुवातीला उभा खांब उथळ पाण्यासारखा वागतच नाही, त्याला वेग घ्यायला वेळ लागतो. दोन, १९५२ मधे मार्टिन आणि मॉइस यांनी सपाट तळावर पाण्याचे छोटे खांब कोसळवून टोक कुठे पोचतं ते मोजलं होतं, त्यात चौकोनी खांबही होता. त्यांचा खांब सव्वादोन इंचाचा, आपला ६० सेंमीचा, पण अंतर खांबाच्या रुंदीत आणि वेळ वर्गमूळ (रुंदी भागिले जी) मधे मोजला की एकाच प्लॉटवर ठेवता येतात. आपल्याकडे वेळेचं एक एकक ०.२४७ सेकंद. तिची रेघ त्यांच्या ठिपक्यांच्या किंचित पुढे धावते, कणांच्या कोडमधे हे बहुतेकदा होतं, प्रयोगात तळाचं घर्षण आणि गेट उचलायला लागणारा वेळ असतो आणि आपलं गेट एका स्टेपमधे गायब होतं.

भिंतीवरच्या प्रेशरसाठी तिला एकच गोष्ट निक्षून सांगितली, की एका कणाचा एका स्टेपचा सगळ्यात मोठा आकडा उचलून "पीक प्रेशर" लिहायचं नाही. आपटण्याच्या क्षणी त्यात आवाजाच्या लहरी मिसळलेल्या असतात आणि तो शिखराचा आकडा के बदलला की बदलतो. तिने भिंतीचा ६ सेंमीचा पट्टा घेतला, त्यावरचं एकूण बल काढलं आणि ५ मिलिसेकंदांची सरासरी घेतली. मग के २५०० आणि ३६०० वर रन केलं, कणांमधलं अंतर १ सेंमी आणि अर्धा सेंमी ठेवून रन केलं, चारही रेघा एकावर एक ठेवल्या. पहिला धक्का चारही रनमधे जवळपास एकाच जागी आणि एकाच उंचीला आला. तीन वेळा गेट वेगवेगळ्या स्टेपला उघडून बघितलं, रेघ तीच. तेव्हा तिने आकडा रिपोर्टमधे लिहिला, शेजारी ४ टक्क्यांचा हिशोबही.

त्याच प्लॉटवर पुढे, पाणी भिंतीवर चढून परत खाली कोसळतं तिथे चारही रेघा फाटतात. तिथे लाट वळताना पोटात हवा कोंडते. खऱ्या टाकीत ती हवा दाबली जाऊन उशीसारखी काम करते, आपल्या कोडमधे हवाच नाही, तिथे नुसती रिकामी जागा आहे, ती पोकळी एका झटक्यात मिटते आणि प्रेशरचा एक खोटा खिळा उभा राहतो. तिने प्लॉट त्याच्या आधीच कापला आणि खाली कारण लिहिलं. आता तिला हवेचेही कण घालायचे आहेत, आणि डेन्सिटी १ आणि १००० शेजारीशेजारी ठेवून पृष्ठभागावरची बेरीज कशी करायची याचा कागद तिने कालच पाठवलाय. सुरुवात तिने दोन्ही द्रव उभे ठेवून, गेट बंद करूनच केलीये.